सॅम्युएल कोल्ट आणि त्याचा शस्त्रसंग्रह

या वार्षिक स्मरणिकेत कर्तबगार पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन कारखानदाराचे चरित्र निवडले आहे. जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरे जमविणाऱ्या संग्राहकांत त्याचे नाव अग्रभागी असते. एक पिस्तूलकार आमच्या कुटुंबांस काय शिकविणार, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर चरित्राच्या अखेरीस आहे.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी कनेक्टिकट संस्थानातील हार्टफर्ड येथे झाला. मातृसुख त्यास बालपणीच अंतरले. १८३० साली सोळा वर्षांचा असताना तो कॉर्व्हो नामक जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याच्या प्रवासास निघाला. जहाजाचे चाक फिरताना पाहून त्यास फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाची कल्पना सुचली व त्याने तिचा लाकडी नमुना कोरला, अशी कथा सांगतात. फिरत्या नळकांड्याची शस्त्रे त्यापूर्वीही होती. तथापि घोडा मागे ओढताच नळकांडे आपोआप फिरून नेमके नळीसमोर येऊन थांबावे, ही योजना त्याने यशस्वी केली. १८३६ साली त्यास अमेरिकेत पेटंट मिळाले.

आरंभी यश लाभले नाही. पॅटर्सन येथील कारखाना १८४२ साली बंद पडला. पुढे मेक्सिकोच्या युद्धात कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सूचनांनुसार त्याने एक नवे रिव्हॉल्व्हर सिद्ध केले व सरकारने १८४७ साली एक हजार नगांची मागणी नोंदविली. ते वजनाने सुमारे दोन किलो असे! पुष्कळांची नळकांडी बार उडताना फुटली. वॉकर स्वतः त्याच वर्षी रणांगणी पडला. त्या मालिकेतील फारच थोडे नग आज उरले आहेत आणि म्हणूनच संग्राहक त्यांवर जीव टाकतात.

यंत्रांनी एकसारखे भाग करून शस्त्रे जुळविण्याची पद्धत कोल्टने पुढे नेली. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने आपली शस्त्रे मांडली आणि त्याच वर्षी तेथील इंजिनिअरांच्या संस्थेपुढे निबंध वाचून लंडनच्या टॉवरमधील प्राचीन फिरत्या बंदुकांचे वर्णनही केले. आपल्या पूर्वसूरींचा मागोवा घेणारा हा कारखानदार मनाने संग्राहकच होता.

त्याच्या व्यापाराची काळी बाजू लपविणे योग्य नव्हे. १८६१ च्या यादवी युद्धाच्या तोंडापर्यंत तो उत्तरेस व दक्षिणेस दोहोंकडे शस्त्रे विकत होता. त्या युद्धात १८६० च्या आर्मी नमुन्याची एक लाखाहून अधिक रिव्हॉल्व्हरे उत्तरेच्या सरकारने घेतली. १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, अपार संपत्ती मागे ठेवून तो निवर्तला.

त्याची पत्नी एलिझाबेथबाई यांच्यावर मग दुःखाचे डोंगर कोसळले. कॅल्डवेल या एका पुत्रावाचून बाकीची अपत्ये अल्पायुषी ठरली. १८६४ साली कारखाना आगीत भस्मसात झाला. बाईंनी तो पुन्हा उभा केला. १८९४ साली कॅल्डवेलही गेला. वारस कोणी उरला नाही. अशा वेळी पतीच्या वस्तू विकून मोकळे होणे सोपे होते. परंतु त्यांनी कोल्टचा शस्त्रसंग्रह जपला आणि १९०५ साली मृत्युपत्रान्वये आपल्या चित्रांसह व अन्य वस्तूंसह हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयास अर्पण केला. आज शेकडो अभ्यासक तेथे त्या शस्त्रांची घडण पाहतात.

यातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कोल्टने सारी पिस्तुले एकसारखी केली. संग्राहक मात्र प्रत्येकावरील क्रमांक पाहून हे कोणाच्या हाती होते, कोणत्या लढाईत होते, हेच शोधतो. नोंद असेल तर ते शस्त्र इतिहास होते. नसेल तर ते केवळ लोखंड.

आपल्याही कित्येक घरांत पूर्वजांची तलवार, लष्करी पदके, सनदा माळ्यावर पडून आहेत. त्या कोणाच्या, हे जाणणारी वडीलधारी माणसे एकेक करून जात आहेत. ती आहेत तोवर त्यांजपाशी बसून हकीकत लिहून घ्यावी, जुने पिस्तूल असल्यास परवान्याच्या कायद्याचे पालन करावे, आणि घरी जतन होणे अशक्य असल्यास त्या वस्तू नोंदीसह संग्रहालयाच्या स्वाधीन कराव्या, अशी आमची नम्र विनंती आहे. इत्यलम्.