चौतीस वर्षे सरोवराच्या तळाशी : डोनाल्ड कॅम्पबेल आणि त्यांची ‘ब्लूबर्ड’

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशात कॉनिस्टन नावाचे लांबट आणि अरुंद सरोवर आहे. ८ मार्च २००१ रोजी या सरोवराच्या सुमारे ४५ मीटर खोल तळातून एका नौकेचा सांगाडा वर काढण्यात आला. तिचा पुढील भाग तुटून गेला होता. मात्र चौतीस वर्षे गाळात राहूनही तिचा निळा रंग ओळखू येत होता. जलपृष्ठावरील वेगाचा जागतिक विक्रम सात वेळा प्रस्थापित करणारी ‘ब्लूबर्ड के-७’ ती हीच. तिचे चालक डोनाल्ड कॅम्पबेल यांचे पार्थिव तोपर्यंत सापडलेले नव्हते.

डोनाल्ड यांचा जन्म २३ मार्च १९२१ रोजी लंडनजवळील किंग्स्टन येथे झाला. त्यांचे वडील सर माल्कम कॅम्पबेल हे १९२० आणि १९३०च्या दशकांत वेगाच्या विक्रमांसाठी जगभर गाजलेले नाव होते. १९३५ मध्ये अमेरिकेतील बोनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर ताशी ३०० मैलांची, म्हणजे सुमारे ४८३ किलोमीटरची मर्यादा ओलांडणारे ते पहिले मोटारचालक ठरले. मेटरलिंक यांच्या ‘ब्लू बर्ड’ या नाटकावरून त्यांनी आपल्या वाहनाला हे नाव दिले आणि पुढे ते कुटुंबाचेच नाव असल्यासारखे झाले. अशा पित्याच्या घरात वाढणे सोपे नव्हते. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाचा परिणाम म्हणून दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड यांना हवाई दलाने वैमानिक म्हणून स्वीकारले नाही. ते एका मोटार कारखान्यात देखभाल अभियंता म्हणून रुजू झाले.

३१ डिसेंबर १९४८ रोजी माल्कम यांचे निधन झाले. त्यांनी १९३९ मध्ये कॉनिस्टनवर नोंदविलेला ताशी २२८ किलोमीटरचा जलविक्रम तेव्हा अबाधित होता. हा विक्रम मोडण्याची तयारी अमेरिकेत सुरू असल्याचे कळताच तो कुटुंबाकडेच राखण्याचा निश्चय डोनाल्ड यांनी केला. या क्षेत्राचा त्यांना कोणताही अनुभव नव्हता. वडिलांचे मुख्य तंत्रज्ञ लिओ व्हिला हे मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेरपर्यंत राहिले. १९५० मध्ये विक्रम अमेरिकेकडे गेला. पुढील वर्षी वडिलांची जुनी नौका कॉनिस्टनवर ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगात असताना फुटली. १९५२ मध्ये लॉक नेस येथे जॉन कॉब यांचा जेट नौकेच्या अपघातात मृत्यू झाला. पाण्यावर ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडणे मानवाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे अनेकांना त्या काळी वाटू लागले होते.

याच पार्श्वभूमीवर केन आणि लू नॉरिस या बंधूंनी डोनाल्ड यांच्यासाठी ‘के-७’ची रचना केली. तिचे शरीर संपूर्ण धातूचे होते आणि तिला जेट इंजिन बसविण्यात आले होते. वेगात असताना ती पाणी कापत नसे, तर केवळ तीन लहान बिंदूंवर पाण्याला स्पर्श करीत सरकत असे : पुढे दोन बाजूंचे दोन आधार आणि मागे एक. पाण्याचा विरोध त्यामुळे अत्यल्प होतो. या रचनेत धोकाही दडलेला असतो. नौकेचे नाक ठराविक अंशापलीकडे उचलले गेले, तर खालून शिरणारी हवा तिला पंखासारखी उचलते आणि मग चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

२३ जुलै १९५५ रोजी अल्सवॉटर सरोवरावर डोनाल्ड यांनी ताशी ३२५.६ किलोमीटरचा वेग गाठून विक्रम ब्रिटनकडे परत आणला. त्यानंतर १९५९ पर्यंत त्यांनी आपलाच विक्रम आणखी पाच वेळा सुधारला आणि वेग ताशी ४१९ किलोमीटरपर्यंत नेला. या विक्रमांचा नियम येथे सांगणे आवश्यक आहे. एका तासाच्या आत परस्परविरुद्ध दिशांनी दोन फेऱ्या कराव्या लागतात आणि त्यांची सरासरी ग्राह्य धरली जाते. पुढे कॉनिस्टनवर जे घडले, त्याचा या नियमाशी थेट संबंध आहे.

जमिनीवरील विक्रमाने मात्र त्यांची कठोर परीक्षा घेतली. १९६० मध्ये बोनव्हिल येथे त्यांची मोटार ताशी सुमारे ५८० किलोमीटर वेगात उलटली. कवटीला तडा जाऊनही ते बचावले. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील एअर सरोवराच्या कोरड्या पात्रावर प्रयत्न सुरू झाला, तर वर्षानुवर्षे न पडलेला पाऊस नेमका त्याच वेळी कोसळला. वृत्तपत्रांतून टीका झाली, पुरस्कर्ते दुरावले. अखेर १७ जुलै १९६४ रोजी त्यांनी ताशी ६४८.७ किलोमीटरचा भूविक्रम नोंदविला. त्याच वर्षी जलविक्रमही करण्याचा त्यांचा मनोदय होता. वर्ष संपायला काही तास उरले असताना, ३१ डिसेंबर रोजी, पश्चिम ऑस्ट्रेलियातील डंबलयुंग सरोवरावर ‘के-७’ने ताशी ४४४.७ किलोमीटरचा वेग गाठला. तो दिवस वडिलांच्या पुण्यतिथीचा होता. एकाच वर्षात भूमी आणि जल असे दोन्ही विक्रम करणारे डोनाल्ड कॅम्पबेल हे आजवरचे एकमेव चालक आहेत.

तरीही लोकांचे लक्ष झपाट्याने दुसरीकडे वळत होते. १९६५ च्या अखेरीस अमेरिकेतील जेट मोटारी ताशी ९६० किलोमीटरच्या पुढे गेल्या. स्वनातीत वेगाची रॉकेट मोटार बांधण्याची डोनाल्ड यांची योजना होती, परंतु तिच्यासाठी पैसा उभा राहत नव्हता. पाण्यावर ताशी ३०० मैलांचा विक्रम केल्यास देशाचे लक्ष पुन्हा आपल्याकडे वळेल, असा त्यांचा हिशेब होता. अकरा वर्षे जुन्या नौकेत त्यासाठी अधिक शक्तिशाली ‘ऑर्फियस’ इंजिन बसविण्यात आले. भारतीय वाचकांना हे इंजिन परके वाटू नये. ‘नॅट’ या चिमुकल्या लढाऊ विमानात हेच असे. १९६५ च्या युद्धात भारतीय हवाई दलात नावाजलेले आणि बंगळुरू येथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने बांधलेले ते विमान. अपघातग्रस्त ‘नॅट’ विकत घेऊन डोनाल्ड यांनी त्याचे इंजिन नौकेला दिले आणि शेपटीचा उभा पंखही नौकेवर चढविला.

नोव्हेंबर १९६६ मध्ये कॉनिस्टनवर चाचण्या सुरू झाल्या. कधी हवामान, कधी इंधनपुरवठ्यातील दोष, असे करीत दोन महिने निघून गेले. डोनाल्ड स्वभावाने शुभाशुभ मानणारे होते. हिरव्या रंगाचे त्यांना वावडे होते. ३ जानेवारीच्या रात्री पत्ते खेळताना इस्पिकचा एक्का आणि राणी लागोपाठ आल्याने ते अस्वस्थ झाले, असे सांगितले जाते. अशा हकिगती मृत्यूनंतर अधिक ठळक होतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

४ जानेवारी १९६७ रोजी सकाळी सरोवर शांत होते. पहिल्या फेरीत सरासरी वेग ताशी ४७९ किलोमीटर नोंदला गेला. फेरीनंतर थांबून इंधन भरावयाचे आणि नौकेनेच उठविलेल्या लाटा शमू द्यावयाच्या, अशी पद्धत होती. त्या दिवशी ते थांबले नाहीत. परतीच्या फेरीत वेग ताशी सुमारे ५२८ किलोमीटरपर्यंत पोहोचला आणि नौकेचे नाक उचलले गेले. ती हवेत उलटी फिरून पाण्यावर आदळली व बुडाली. डोनाल्ड यांना तत्काळ मृत्यू आला. ते ४५ वर्षांचे होते. त्यांच्यासोबत नेहमी असणारे ‘मिस्टर वॉपिट’ हे खेळण्यातील अस्वल पाण्यावर तरंगताना मिळाले. नौदलाच्या पाणबुड्यांना त्यांचे पार्थिव मात्र मिळाले नाही. लाटा, घटलेले इंधन, इंजिनाचा खालावलेला रेटा यांपैकी कशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत आजही चर्चा होते. विक्रम त्यांच्या नावावर नोंदला गेला नाही, कारण दुसरी फेरी पूर्ण झालीच नव्हती.

नौका वर काढण्याचे श्रेय बिल स्मिथ या पाणबुड्याच्या चमूकडे जाते. २८ मे २००१ रोजी डोनाल्ड यांचे अवशेषही सापडले आणि १२ सप्टेंबर रोजी कॉनिस्टन गावातील दफनभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. कन्या जिना, ज्यांनी १९८४ मध्ये महिलांचा जलवेगाचा विक्रम केला होता, यांना पित्याचा निरोप घेण्यासाठी चौतीस वर्षे थांबावे लागले.

त्यानंतर प्रश्न निर्माण झाला तो नौकेचा. भग्नावशेष आहे तसा जपावा की नौका पुन्हा उभी करावी? दुरुस्त नौकेत अपघाताची साक्ष पुसली जाते. न दुरुस्त केल्यास बारा वर्षांच्या यशाऐवजी शेवटचे काही सेकंदच लोकांपुढे राहतात. ब्रिटनच्या लॉटरी निधीने पुनर्बांधणीला अर्थसाहाय्य नाकारले, ते याच मतभेदातून. २००६ मध्ये कुटुंबाने नौका कॉनिस्टनच्या रस्किन संग्रहालयाला दान केली आणि स्मिथ यांच्या चमूने नॉर्थ शील्ड्स येथे स्वयंसेवकांच्या बळावर काम आरंभिले. मूळचा पत्रा शक्य तेथे सरळ करून पुन्हा वापरण्यात आला. नष्ट झालेला पुढील भाग नव्याने घडवावा लागला, तर जुन्या इंजिनाऐवजी दुसरे ‘ऑर्फियस’ बसविण्यात आले.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावरील लॉक फॅड येथे ‘के-७’ स्वतःच्या बळावर पुन्हा पाण्यावरून धावली. त्यानंतर मात्र मालकीचा वाद उद्भवला. नवे भाग कोणाचे आणि नौका कोठे असावी, यावर संग्रहालय आणि चमू यांच्यात एकमत होईना. प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचले. अखेर चमूने दावा सोडला. ९ मार्च २०२४ रोजी एका मालमोटारीवरून ‘ब्लूबर्ड’ कॉनिस्टन गावात दाखल झाली, तेव्हा तिला पाहण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. संग्रहालयातील तिच्यासाठी बांधलेले दालन कित्येक वर्षे तिची वाट पाहत होते. डोनाल्ड यांचे थडगे तेथून पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे.