चौकट आखणारे मेस्त्री

हिवाळा सरत आला, की नवी मुंबईच्या खाडीकाठी, नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला, रोहित पक्षी पाहायला रविवारी सकाळी माणसे जमतात. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि बऱ्याच जणांच्या पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या बारीक रेघा. चित्राचे नऊ खण पाडायचे आणि पक्षी मधोमध न बसवता रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आणायचा. क्षितिजही अर्ध्यावर न ठेवता वरच्या नाहीतर खालच्या रेघेवर. हा ‘एक तृतीयांशाचा नियम’ काही कॅमेऱ्याने शोधलेला नाही. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रजाने तो निसर्गचित्रांविषयी लिहिताना १७९७ साली मांडला, तेव्हा छायाचित्रण जन्मायचे होते. मूळ माल चित्रकाराचा. चित्रकाराची ती नजर आपल्याकडच्या चित्रपटात ज्यांनी रुजवली, त्यांत पहिला मान कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे खरे नाव. जन्म ३ जून १८९० चा. चित्रकला शिकायला ते कुठल्या मोठ्या शाळेत गेले नाहीत. घरातच कारागिरी होती. आतेमामे-चुलत अशा नात्यांच्या गोतावळ्यात वाढलेले ते आणि त्यांचे बंधू आनंदराव, दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि त्या कामात त्यांचे मोठे नाव झाले.

नाटकाचा पडदा रंगवणे म्हणजे नुसते चित्र काढणे नव्हे. त्याच्यापुढे नट उभा राहणार असतो. देऊळ बरोबर मध्यावर काढले तर नायक त्याला झाकून टाकतो. म्हणजे देऊळ बाजूला सरकवायचे, मधली जागा मोकळी सोडायची आणि तरीही चित्राचा तोल जाऊ द्यायचा नाही. रेघा आखून नव्हे, पण वस्तू मध्यापासून दूर ठेवण्याची ही शिकवण आमच्या मते तिथेच हातात बसली असणार.

मग चित्रपटाचे वेड लागले. दोघा भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवायचे यंत्र आणले, खेळ केले आणि त्या यंत्रावरून कॅमेरा कसा असेल याचा शोध सुरू केला. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी हात सोडला नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना घेऊन त्यांनी १९१८ साली चालता कॅमेरा उभा केला. विकत आणलेला नव्हे, कोल्हापुरात घडवलेला. मेस्त्री आडनाव त्यांनी सार्थ केले, असे म्हणायला हरकत नाही. तानीबाई कागलकरांनी पैशांचे बळ दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. १९२० चा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्यांनी त्यांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबूराव चित्रीकरणाआधी कागद-पेन्सिल घेऊन बसत. वेशभूषा, पात्रांच्या हालचाली यांची रेखाटने आधी, कॅमेरा नंतर. ज्या माणसाने उमेदीची वर्षे रंगीत पडद्यांवर काढली, त्यानेच चित्रपटातून ते सपाट पडदे हटवून खोली असलेले भक्कम देखावे उभे केले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. जाहिरातीची भित्तिचित्रेही स्वतःच रंगवत.

आणि मग १९२५ चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांची कथा, कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी, त्या भूमिकेत तरुण शांताराम. याच कथेच्या पुढे आलेल्या बोलपटातल्या एका दृश्याचे वर्णन निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी केले आहे: अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि भुंकून रडणारे एक कुत्रे. बस्स, एवढेच. माणूस चौकटीत नाहीच. रिकाम्या जागेनेच सगळे सांगायचे. नऊ खणांपैकी किती खण मोकळे सोडायचे, हा त्या नियमातला अवघड भाग आहे, आणि तो मोबाइलवरच्या रेघा शिकवत नाहीत.

१९२५ च्या मूकपटाकडे प्रेक्षक मात्र फिरकले नाहीत. त्यांना देवादिकांच्या कथा हव्या होत्या. कंपनी पुन्हा तिकडे वळली. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात काढली. जाताना ते गुरूची नजर घेऊनच गेले. प्रभातच्या चित्रपटांतल्या मांडणीचे आपण कौतुक करतो, तेव्हा कोल्हापूरची आठवण मात्र क्वचितच काढतो. बोलपट आल्यावर बाबूराव त्यात फारसे रमले नाहीत. १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलता करून पाहिला, ‘रामजोशी’सारखी कामेही केली, पण ओढ चित्रकला आणि शिल्पाकडेच राहिली. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात ते गेले.

मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही भाग तेवढे उरले आहेत. मूक ‘सावकारी पाश’ हाती नाही. बोलपटातली ती झोपडी आणि ते कुत्रे वाडियांच्या लिहिण्यातून आपल्यापर्यंत पोचले आहेत.