खाणीतून पार्लमेंटात : कीर हार्डी

स्कॉटलंडातील लॅनर्कशायर परगण्यात १५ ऑगस्ट १८५६ रोजी एका गरीब मोलकरणीच्या पोटी जेम्स कीर हार्डी ह्याचा जन्म झाला. सावत्र बाप जहाजावरील सुतार होता. त्याचे काम सुटले म्हणजे घरी चूल पेटण्याची पंचाईत. त्यामुळे शाळेत जाण्याच्या वयात हा मुलगा मजुरीस लागला. वाचावयास त्यास आईनेच शिकविले.

लहानपणी तो ग्लासगो येथे एका पाववाल्याकडे काम करीत असे. घरी धाकटा भाऊ आजारी होता. त्याच्या उशाशी जागरण झाल्यामुळे हार्डीस दुकानी पोहोचावयास उशीर झाला. धर्मशील म्हणून लौकिक असलेल्या त्या मालकाने त्यास कामावरून काढले, आणि वर मजुरीही कापून घेतली. हा घाव हार्डीच्या मनातून कधीच गेला नाही. तथापि त्यामुळे त्याने धर्म टाकला नाही. तरुणपणी त्याने ख्रिस्ताचा स्वीकार केला. मात्र प्रार्थना एक आणि व्यवहार दुसरा, हे त्यास कधीच रुचले नाही.

दहाव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत उतरला. आत हवा खेळती राहावी म्हणून बसविलेले दार उघडावयाचे व लावावयाचे, हे त्याचे काम. दिवसभर अंधारात एकटे बसावयाचे! पुढे फावल्या वेळी दिव्याच्या काजळीने काळ्या केलेल्या दगडावर टाचणीने रेघा ओढीत तो लघुलिपी शिकला.

वाचनाने त्यांची दृष्टी विस्तारली आणि ते खाणकामगारांची संघटना बांधू लागले. तेव्हा मालकांनी त्यांस खाणीची दारे बंद केली. ह्यावेळी इंग्लंडात काँझर्व्हेटिव्ह व लिबरल असे दोन बलाढ्य पक्ष होते, आणि कामगारांचे बहुतेक पुढारी लिबरलांच्या आश्रयाने चालत. १८८८ साली मिड-लॅनर्क येथे पोटनिवडणूक आली. लिबरलांनी हार्डींस उमेदवारी दिली नाही, तेव्हा ते स्वतंत्रपणे उभे राहिले. त्यांनी माघार घ्यावी म्हणून त्यांस पुढील सार्वत्रिक निवडणुकीत एक जागा व वर्षास ३०० पौंड देऊ करण्यात आले. घरी बायकामुले होती आणि प्राप्ती बेताची होती. तरी त्यांनी नकार दिला. मते पडली अवघी ६१७! लोक हसले, पण एक नवा मार्ग मोकळा झाला.

१८९२ साली ते लंडनच्या वेस्ट हॅम साऊथ विभागातून पार्लमेंटात निवडून आले, आणि १८९३ साली ब्रॅडफर्ड येथे स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. २३ जून १८९४ रोजी वेल्समधील आल्बियन खाणीत स्फोट होऊन २९० माणसे व मुले मरण पावली. त्याच दिवशी राजघराण्यात पुत्र जन्मला. सभागृहाने राजपुत्राबद्दल अभिनंदन करावयाचे योजिले, तेव्हा मृतांच्या कुटुंबांबद्दलही दुःख प्रकट करावे, असा आग्रह एकट्या हार्डींनी धरला. सभासदांनी आरडाओरड केली. ते डगमगले नाहीत. पुढील वर्षी पक्षाचे २८ उमेदवार उभे राहिले आणि हार्डींसह सर्वच्या सर्व पडले.

ह्या पराभवातून त्यांनी धडा घेतला. मूठभर समाजवाद्यांनी आपल्या मतांचा कितीही घोष केला तरी कामगारसंघांच्या लाखो सभासदांवाचून कार्य सिद्धीस जाणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९०० साली लंडन येथे परिषद भरली. काहींस वर्गयुद्धाचा ठराव हवा होता, तर काहींस स्वतंत्र पक्षच नको होता. पार्लमेंटात कामगारांचा एक वेगळा गट असावा, एवढ्याच गोष्टीवर हार्डींनी सर्वांस एकत्र आणले. समाजवादाची अट घातली नाही. पुढे १९०३ साली ह्याच मंडळाचे चिटणीस रॅम्से मॅक्डॉनल्ड ह्यांनी, काही ठिकाणी परस्परांविरुद्ध उभे राहू नये, असा करार लिबरलांशी केला, आणि तो हार्डींस ठाऊक होता. मग १८८८ चा नकार व्यर्थ होता काय? नव्हे! त्यावेळी आश्रिताची जागा देऊ केली होती. आता आपल्या पायांवर उभे राहून बरोबरीने बोलणे होत होते. १९०६ साली २९ सभासद निवडून आले व मजूर पक्ष हे नाव रूढ झाले.

१९०७ साली हार्डी हिंदुस्थानात आले. फाळणीने क्षुब्ध झालेल्या बंगाल्यात ते हिंडले आणि ह्या देशास कॅनडाप्रमाणे स्वराज्य मिळावे, असे त्यांनी सांगितले. त्याबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांवर आग पाखडली. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्यांनी युद्धास विरोध केला. बहुतेक सहकारी दुरावले. त्यांच्याच मतदारसंघात त्यांची सभा उधळली गेली. खचलेल्या देहाने व मनाने २६ सप्टेंबर १९१५ रोजी ग्लासगो येथे त्यांनी प्राण सोडला.

त्यांनी लावलेल्या रोपाचा वृक्ष पुढे झाला. १९४५ साली मजूर पक्षास प्रथमच पूर्ण बहुमत लाभले, आणि त्याच सरकारच्या काळात १५ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे हार्डींच्या जन्मदिनीच, हिंदुस्थान स्वतंत्र झाला.

विद्यार्थिमित्रहो, इतरांशी कोठे जुळवून घ्यावे आणि कोठे मुळीच वाकू नये, हे ओळखणे पुढाऱ्याचे खरे काम होय. वर्गातील लहानशा मंडळापासून राष्ट्रापर्यंत हा प्रश्न सर्वत्र उभा राहतो. तो तुमच्यापुढे येईल त्या दिवशी अंधारात दारापाशी बसलेल्या त्या दहा वर्षांच्या मुलाची आठवण ठेवा.