कर्ण्यामागचा कान

ध्वनिमुद्रिकेच्या गोल चकतीवर मान किंचित वाकडी करून बसलेला तो कुत्रा आपणांपैकी कोणी पाहिला नसेल, असे आम्हांस वाटत नाही. नोकरीधंद्यानिमित्त मुलूख सोडून निघालेल्या मागच्या पिढीच्या सामानात पोळपाट-लाटणे आणि देवघरातील टाक यांच्या जोडीने बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्याही जुनेरात गुंडाळून आल्या, आणि त्यांच्याबरोबर तो कुत्राही परमुलखात आला. पितळी कर्ण्यासमोर बसून तो धन्याचा आवाज ऐकतो आहे, एवढे सर्वांस ठाऊक असते. मूळ चित्रात मात्र तो कर्णा पितळी नव्हता आणि ते यंत्रही तबकडीचे नव्हते, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

फ्रान्सिस बरॉ या इंग्रज चित्रकाराने निपर नावाचा आपल्या घरचा कुत्रा निवर्तल्यावर ते चित्र काढले, तेव्हा कुत्र्यापुढचे यंत्र एडिसनच्या धर्तीचे, मेणाच्या नळकांड्यांचे होते आणि त्याचा कर्णा काळा होता. काळ्याऐवजी चकचकीत पितळी कर्णा शोभून दिसेल, म्हणून 1899 मध्ये बरॉ लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत एक कर्णा उसना मागावयास गेला. व्यवस्थापकाने कर्णा तर दिलाच, शिवाय यंत्रही आमचेच रंगवा, म्हणजे चित्र विकत घेऊ, असे सुचविले. जुन्या यंत्रावर रंगाचा हात फिरला. त्या पहिल्या यंत्राच्या खुणा मूळ चित्रात रंगाच्या थराखालून अद्याप जाणवतात. अशा प्रकारे रंगाखाली झाकल्या गेलेल्या यंत्राचा मूळ कर्ता टॉमस आल्वा एडिसन हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विजेच्या दिव्याचा एडिसन शालेय पुस्तकांतून सर्वांस भेटलेला आहे. येथे आम्ही त्याच्याकडे केवळ कर्ण्याच्या बाजूने पाहणार आहोत.

एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 रोजी अमेरिकेतील ओहायओ राज्यात मिलान या गावी झाला. शाळेचे शिक्षण त्यास नाममात्रच लाभले. आईने घरी बसवून शिकविले तेच खरे. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला, आणि त्याच सुमारास त्याची श्रवणशक्ती खालावू लागली. लहानपणीच्या तापाचा हा परिणाम असावा, असे चरित्रकार मानतात. चालत्या गाडीत चढताना कोणीतरी कानास धरून वर ओढले आणि कानात काही तुटल्यासारखे झाले, अशी हकीकत तो स्वतः सांगे. कारण काहीही असो, तेव्हापासून पाखरांचा आवाज त्याच्या कानी पडला नाही. पुढे तो तारयंत्रावर काम करू लागला, तेव्हा हे वैगुण्य त्याच्या पथ्यावरच पडले. खोलीतील गोंगाट ऐकू येत नसे, समोरच्या यंत्राचा कटकटाट तेवढा स्पष्ट कळे. बहिरेपणाविषयी त्याने कधी फारसे दुःख केलेले दिसत नाही.

1877 मध्ये न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे टेलिफोन सुधारण्याचे काम चालू असताना, आवाजाने थरथरणाऱ्या पडद्यास सुई जोडली तर ती आपली खूण कशावर तरी उमटवील, असे त्याच्या मनात आले. नोव्हेंबरच्या अखेरीस आराखडा झाला आणि जॉन क्रूसी या त्याच्या कुशल कारागिराने काही दिवसांत यंत्र बांधले. पितळी नळकांड्यावर कथलाचा वर्ख गुंडाळलेला, एका बाजूस बोलण्याचे तोंड, दुसऱ्या बाजूस ऐकण्याचे. एडिसनने त्यात मेरीच्या कोकराचे बडबडगीत म्हटले, दांडा पुन्हा फिरविला, आणि यंत्र बोलले. 7 डिसेंबर रोजी न्यूयॉर्कमधील एका विज्ञानविषयक नियतकालिकाच्या कचेरीत त्याने ते टेबलावर ठेवून दाखविले. पुढल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी रात्री उशिरा त्यास निवासस्थानी बोलावून ते ऐकले.

त्याच 1878 सालची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एडिसनने तेव्हा दोन भली मोठी कागदी नरसाळी तिवईवर बसविली, त्यांच्या निमुळत्या टोकांपासून कानांपर्यंत नळ्या आणल्या आणि मध्ये बोलण्यासाठी एक लहान कर्णा ठेवला. नरसाळ्यांची लांबी सुमारे 7 फूट होती. अशी दोन यंत्रे मैलभराहून अधिक अंतरावर उभी केली असता दोन माणसे तारेवाचून एकमेकांशी बोलू शकत. यास त्याने मेगाफोन असे नाव दिले. बाजाराच्या दृष्टीने त्याचे काही झाले नाही, परंतु शब्द राहिला. ज्यास शेजारच्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही, त्याने मैलावरचे बोलणे ऐकण्याची खटपट करावी, हे आम्हांस मोठे बोलके वाटते.

यानंतर तो दिव्याच्या मागे लागला आणि फोनोग्राफ दहा वर्षे अडगळीत पडला. मधल्या काळात ग्रॅहॅम बेलच्या मंडळींनी वर्खाऐवजी मेणावर कोरण्याची युक्ती काढली, तेव्हा मात्र एडिसनला जाग आली. 1888 च्या जूनमध्ये वेस्ट ऑरेंज येथील नव्या प्रयोगशाळेत सहकाऱ्यांसह अहोरात्र खपून त्याने सुधारलेला फोनोग्राफ पुरा केला. त्या जाग्रणानंतर यंत्राशेजारी हातावर डोके टेकून बसलेले त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तथापि या यंत्राचा आवाज इतका क्षीण होता, की डॉक्टरांच्या गळ्यात असतात तशा नळ्या कानांत घालूनच तो ऐकावा लागे. 1889 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका गुत्त्यात नाणे टाकून ऐकण्याचे यंत्र बसविले गेले. त्यास चार नळ्या होत्या. चौघे ऐकत, आणि भोवतालचे त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत उभे राहत. गाणे एकट्याने कानात ओतून घेण्याची ही तऱ्हा घरात चालण्यासारखी नव्हती. घरात आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी एका वेळी ऐकावयाचे, तर कर्णा हवा.

कर्णा आवाज वाढवितो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो पदरची शक्ती कणभरही घालत नाही. साउंडबॉक्समधील पडदा रुपयाएवढा, ताठ आणि हलका. मोकळ्या हवेत तो थरथरला तर हवा त्यास दादच देत नाही. मोकळ्या हवेत पंजा हलविला तर वारा लागत नाही आणि पाण्यात हलविला तर जोर लागतो, त्यातला हा प्रकार आहे. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात कोंडलेली हवा पडद्यास जड लागते, म्हणून त्याची शक्ती ती स्वीकारते आणि हळूहळू रुंदावत जाणाऱ्या पोकळीतून ती बाहेरच्या विस्तीर्ण हवेच्या स्वाधीन करते. हे रुंदावणे एकाएकी झाले, तर आवाज वाटेतूनच माघारी फिरतो. कर्णा आखूड आणि तोंड लहान असेल, तर खर्जाचे स्वर बाहेर पडतच नाहीत. शंख आणि तुतारी घडविणाऱ्यांस हे हाताने ठाऊक होते. गणिताने ते अद्याप कोणी मांडले नव्हते, निदान यंत्रे घडविणाऱ्यांपर्यंत ते पोहोचले नव्हते.

एडिसनचा मार्ग हातानेच जाण्याचा होता. आरंभीच्या यंत्रांबरोबर वीतदीड वीत लांबीचे कर्णे येत. मग ते वाढत जाऊन इतके लांबले, की त्यांस टांगावयास स्वतंत्र घोडी लागू लागली. धोतऱ्याच्या फुलासारखे पाकळ्यापाकळ्यांचे रंगीत कर्णे आले. 1909 मध्ये हंसाच्या मानेसारखा वळण घेऊन यंत्राच्या माथ्यावर येणारा कर्णा निघाला, त्याने खोलीतील जागा वाचविली. गृहिणींस मात्र तो धूळ साठविणारा अवजड जिन्नस नकोसाच होता. व्हिक्टर कंपनीने 1906 मध्येच कर्णा कपाटाच्या पोटात लपविला होता. एडिसननेही 1909 पासून तोच मार्ग धरला. 1912 मध्ये त्याने नळकांड्यांच्या जोडीस हिऱ्याच्या सुईची तबकडी आणली, तिच्या यंत्रात एक नामी योजना होती. इतर यंत्रांत तबकडीची खाचच सुईस आत ओढून नेते. एडिसनने दातेरी चक्रे लावून साउंडबॉक्स आणि कर्णा ही दोन्ही मिळून तबकडीवरून सरकतील, अशी व्यवस्था केली. खाचेवर ओढण्याचा भार राहिला नाही. आमच्या मते तबकडीच्या यंत्रांत इतकी प्रामाणिक बांधणी त्या काळी दुसरी नव्हती.

ध्वनिमुद्रणाच्या वेळीही सारी भिस्त कर्ण्यावरच असे. गायकाने त्याच्या तोंडाशी येऊन गावयाचे आणि वरचा स्वर आला की मागे सरावयाचे, वादकांनी दाटीवाटीने मागे बसावयाचे. व्हायोलिनचा आवाज मेणापर्यंत पोहोचेना, म्हणून स्ट्रो नावाच्या संशोधकाने व्हायोलिनलाच कर्णा जोडला.

आणि या सर्वांची पारख कोण करी? स्वतः एडिसन. कानाने भागत नसे, तेव्हा तो पेटीच्या लाकडात दात रोवी आणि हाडांवाटे स्वर ऐके. सुईची खरखर, स्वराचा सूक्ष्म कंप त्यास अशा रीतीने इतरांहून अधिक कळतो, अशी त्याची समजूत होती, आणि ती काही अंशी खरीही असावी. परंतु त्याची आवडनिवड विलक्षण होती. आंदोलित आवाज त्यास खपत नसे. नामांकित गवयी तो बिनदिक्कत नापास करी. गाणाऱ्याच्या नावापेक्षा यंत्राचा गुण लोकांनी पाहावा, असा त्याचा आग्रह असे. रॅखमानिनॉफसारख्या थोर पियानोवादकाने 1919 मध्ये एडिसनकडे ध्वनिमुद्रण केले आणि पुढल्याच वर्षी तो व्हिक्टरकडे निघून गेला. घराण्याचे नाव ऐकूनच मैफलीस जाणाऱ्या आम्हां लोकांस हा हट्ट कळणे जरा कठीण आहे.

1915 पासून दहा वर्षे त्याच्या कंपनीने गावोगाव एक प्रयोग चालविला. रंगमंचावर गायिका आणि शेजारी यंत्र. गाता गाता दिवे मालवीत. पुन्हा लागत तेव्हा गायिका जागेवर नसे आणि गाणे मात्र चालूच असे. अ‍ॅना केस ही यातील नामांकित गायिका. आपण यंत्राच्या आवाजाशी मिळेल असाच आवाज काढीत होतो, हे तिने पुढे वृद्धपणी सांगून टाकले. लबाडी म्हणावी तर माणसाने यंत्राची नक्कल केली होती. ऐकणाऱ्यांचे डोळे मात्र खरोखरच पाणावत.

दरम्यान वेस्ट ऑरेंजपासून फार दूर नसलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थर गॉर्डन वेब्स्टर या प्राध्यापकाने कर्ण्याचे गणित मांडले होते. त्याचा निबंध 1919 मध्ये प्रसिद्ध झाला. शंकूसारखा सरळ रुंदावणारा कर्णा गळ्यापाशी फार झपाट्याने रुंद होतो. त्याऐवजी दर इंचास ठरावीक पटीने, म्हणजे चक्रवाढ व्याजाच्या रीतीने क्षेत्रफळ वाढत गेले, तर ठरावीक खर्जापर्यंतचे सर्व स्वर सारख्या न्यायाने बाहेर पडतात. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतील मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी हे सूत्र हाती घेतले आणि 1925 च्या नोव्हेंबरात व्हिक्टर कंपनीने घडीघडीचा, चक्रवाढीचा कर्णा बसविलेले यंत्र बाजारात आणले. त्याच वर्षी मायक्रोफोनने घेतलेल्या विद्युत ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. पुढे चित्रपटगृहांत आणि गणेशोत्सवाच्या मांडवांत वासास बांधलेले कर्णे आले, ते या गणिती शाखेचे वंशज होत.

एडिसनने उत्तर दिले ते आपल्या पद्धतीने. कर्णा लांब केला म्हणजे सुधारतो, हा त्याचा अनुभव होता. तेव्हा कोलंबिया स्ट्रीटवरील ध्वनिमुद्रणगृहात त्याने 125 फूट लांबीचा पितळी कर्णा उभारला. गायकवादकांकडचे तोंड सुमारे 5 फूट व्यासाचे, आणि तेथून तो सरळ निमुळता होत इमारतीबाहेर थेट पलीकडच्या खोलीतील मेणाच्या तबकडीपर्यंत गेलेला. त्यातून ध्वनिमुद्रण झाले, त्या तबकड्या विकलाही गेल्या. एवढ्या पितळेचे चीज झाले असे मात्र म्हणवत नाही. विजेचे बाळकडू ज्याने जगास पाजले, त्यानेच आवाजाच्या बाबतीत विजेस दोन वर्षे उंबऱ्याबाहेर उभे केले. त्याच्या मते विजेने केलेले ध्वनिमुद्रण आवाज विकृत करीत होते. 1927 मध्ये त्याच्या कंपनीस अखेर तेच पत्करावे लागले, पण तोवर ग्राहक पांगले होते. रेडिओने उरलेले नेले. 1929 च्या ऑक्टोबरअखेर एडिसनच्या कंपनीने ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय बंद केला. वर्खाच्या पहिल्या यंत्राला तेव्हा 52 वर्षे होत आली होती.

18 ऑक्टोबर 1931 रोजी वेस्ट ऑरेंज येथे राहत्या घरी, वयाच्या 84 व्या वर्षी एडिसन मरण पावला. 125 फुटांचा तो कर्णा त्यानंतर काही वर्षे टिकून होता. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली, तेव्हा तो मोडीत देण्यात आला.