सक्करची विहीर

दरवर्षी १५ सप्टेंबरला आमच्या कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो. एखादे पाहुणे कृष्णराजसागर धरण, भारतरत्न आणि शंभर वर्षांचं आयुष्य यावर बोलतात, आणि मग चहा-समोसा. पहिली दोन वर्षं मी समोशासाठीच गेलो. खोटं कशाला बोलू?

आणखी एक खरं सांगतो. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर इंट्रो देताना सीनिअर्सनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो, सरकारी नोकरीत आहेत. माझे आण्णा एका छोट्या गावच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन आहेत. पहाटे चारला सायकलला लोखंडी चावी बांधून निघतात आणि एकेका गल्लीचं पाणी सोडतात. हे सांगायची मला लाज वाटली होती.

थर्ड इयरला सेमिनारसाठी पाणीपुरवठा हा विषय माझ्या वाट्याला आला. लायब्ररीत शोधताना पुन्हा विश्वेश्वरय्याच हाती लागले, पण या वेळी निराळेच. फोटोतला तो पगडीवाला दिवाण तरुणपणी आमच्यासारख्याच लहान गावांच्या नळांमागे धावत होता, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांचा जन्म १८६१ सालचा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगलोरला शिकवण्या करून पोरानं शिक्षण काढलं आणि १८८१ मध्ये बी.ए. केलं. म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली म्हणून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. म्हणजे आजचं सीओईपी! १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले.

पहिली कसोटी लागली ती खान्देशात. दातर्तीला पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाण्याचा सायफन न्यायचा होता. सायफन म्हणजे पाणी एका काठाला नळात उतरतं, तळाखालून जातं आणि पलीकडे आपल्याच दाबानं वर येतं. कागदावर सोपं. पण दिवस पावसाळ्याचे, नदीला पूर, आणि खणलेला चर वाळूनं पुन्हा भरलेला. त्यांनी वरिष्ठांना कळवलं की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवू या. उत्तरात मिळाली कानउघाडणी. नव्या पोराला कामाचा उत्साह नाही, असा सूर होता. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. ते कामावर जाऊन बसले आणि त्याच पावसाळी दिवसांत सायफन पुरा करून दाखवला. आपल्याला व्हायव्हात एक्स्टर्नल बोलला तर आपण आठवडाभर मेसमध्ये तेच सांगत बसतो!

मात्र मला खरी भावली ती सक्करची गोष्ट. सक्कर हे सिंधमधलं, सिंधू नदीच्या काठचं गाव. आज ते पाकिस्तानात आहे, पण तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. सक्कर म्हटलं की १९३२ मध्ये सुरू झालेला प्रचंड बराज आठवतो. ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची, १८९४-९५ ची. दारातून सिंधू वाहतेय, पण पाणी गढूळ. नदीचं पाणी पंपानं जवळच्या टेकडीवर चढवायचं, तिथं गाळायचं आणि उतारानं गावात सोडायचं, अशी योजना होती. अडलं कुठं? जिथं सगळ्याच नगरपालिकांचं अडतं तिथं. फिल्टर बेड बांधायला पालिकेकडे पैसे नव्हते.

पैसे नाहीत म्हटल्यावर फाइल कपाटात ठेवता आली असती. विश्वेश्वरय्यांनी नदीकडेच पाहिलं. फिल्टर बेडमध्ये असतं काय? वाळूच ना? मग ती तर नदीच्या पात्रात फुकट पडलेली आहे. त्यांनी काठाजवळ पात्रातच विहीर खणली. नदीचं पाणी वाळूतून पाझरत विहिरीत येईपर्यंत गाळ मागे राहायचा. पाणी जास्त मिळावं म्हणून विहिरीपासून पात्राच्या खालून बोगदाही काढला. गाळलेलं पाणी मग पंपानं टेकडीवर. १८९५ मध्ये सक्करला स्वच्छ पाणी सुरू झालं.

यात आपल्या सिलॅबसमध्ये नसलेलं एक शहाणपण आहे. फिल्टर बेड बांधून भागत नाही, त्यावरचा गाळाचा थर वेळोवेळी खरवडावा लागतो आणि त्यासाठी माणसं व पगार लागतात. लहान गावाची योजना बहुतेक उद्‌घाटनात मरत नाही, देखभालीत मरते. सक्करला गाळण्याचं ते काम नदीच करत होती.

पुढच्या कामांतही मला हीच दृष्टी दिसली. पुण्याजवळच्या खडकवासल्याला पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तुटवडा. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले, तेही १९०३ पर्यंत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडणार, उतरलं की मिटणार. भर पुरात रात्री दरवाजा उघडायला माणूस धाडायला नको. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी थोड्याच शिवारांना भरमसाट न देता अनेक गावांत पाळीनं वाटायचं. शेतकऱ्यांना ते आधी पटलं नाही, तेव्हा त्यांच्यासमोर बसून समजावलं. पुढे मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर म्हणून ते गावोगावच्या पाण्याच्या आणि गटारांच्या योजना बघत हिंडले. १९०६ मध्ये थेट एडनला जाऊन तिथल्या पाण्याचा आणि ड्रेनेजचा प्रश्न हाताळून आले.

त्यानंतरचं सगळं आपण भाषणात ऐकतोच. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादसाठी केलेली पूरनियंत्रणाची आखणी, १९०९ मध्ये म्हैसूरचं चीफ इंजिनिअरपद, १९१२ ते १९१८ दिवाणपद, कृष्णराजसागर, १९५५ चं भारतरत्न. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून ते गेले. हे सगळं मोठंच आहे. पण मला वाटतं, कृष्णराजसागर बांधणारा माणूस सक्करच्या विहिरीत घडला होता.

सेमिनार झाला, ग्रेडही बरी मिळाली. दिवाळीत घरी गेलो तेव्हा पहाटे चारला आण्णांबरोबर उठलो. ते म्हणाले, झोप की लेका, सुट्टी आहे तुला. मी सायकलच्या मागे बसलो. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, चढावरच्या गल्लीला आधी पाणी का सोडायचं, कुठल्या वळणावर पाइप गळतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ऑफिसात याचा नकाशा आहे का विचारलं, तर हसले. नकाशा त्यांच्या डोक्यात आहे आणि पुढच्या वर्षी ते रिटायर होणार आहेत.

मग मी फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरवला. आमच्या गावातल्या पाइपलाइनचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा करायचा. गाइड सरांनी आधी विचारलं, यात नवीन काय? मी सक्करची विहीर सांगितली. सरांनी सही केली. आता दर शनिवार-रविवार मी एसटीनं गावी जातो. आण्णा पुढे चालत सांगतात, मी मागे टेप धरून मोजतो. एकोणीस व्हॉल्व्ह झालेत, अजून बरेच बाकी आहेत.

आणि हो, परवा एका ज्युनिअरनं विचारलं, दादा, तुमचे वडील काय करतात? म्हटलं, व्हॉल्व्हमन आहेत. आमच्या प्रोजेक्टचे खरे गाइड तेच.