रामकृष्ण गोपाळ भांडारकर : उच्चारांतील नियमांचा शोध

मागील घटकात आपण ध्वनी आणि लेखन यांतील भेद पाहिला. मुळशी तालुक्यातील ‘नेरे’ या गावाचे नाव घ्या. लिहिताना आपण दोन अक्षरे काढतो. उच्चारताना मात्र न्, ए, र्, ए असे चार ध्वनी मुखावाटे बाहेर पडतात. याउलट ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द सारखेच लिहिले जातात. परंतु पहिल्यातील ‘ज’ तालव्य, तर दुसऱ्यातील दंततालव्य आहे. लिपी जे सांगत नाही ते कानाने टिपावे लागते.

कानाने टिपलेले आणखी एक उदाहरण पाहा. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक घरांतून ‘पानी’ म्हटले जाते आणि शाळेत तोच उच्चार अशुद्ध ठरतो. आपल्यापैकी काहींनी हा अनुभव घेतलाही असेल. घरची बोली म्हणजे बिघडलेली भाषा, हा समज येथूनच रुजतो. त्याची शास्त्रीय तपासणी करण्याची दिशा ज्यांच्या कार्यातून मिळते, त्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा परिचय आपण येथे करून घेऊ.

भांडारकरांचा जन्म 6 जुलै 1837 रोजी मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. रत्नागिरीतील शिक्षणानंतर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले. 1862 साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत महादेव गोविंद रानडे यांच्यासमवेत तेही होते. त्यानंतर सिंधमधील हैदराबाद आणि मग रत्नागिरी येथे त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले. त्यांची संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके याच दशकातील. पुढे कित्येक पिढ्या ती पुस्तके घेऊन संस्कृत शिकल्या.

एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी स्वरूपात सांभाळले. कायम जागा मात्र इंग्लंडहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना देण्यात आली. विद्वत्तेपेक्षा वर्ण पाहणाऱ्या राज्यव्यवस्थेचा तो न्याय होता. भांडारकरांनी त्याला उत्तर दिले ते संशोधनाने.

रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठाने भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला सुरू केली. 1877 साली भांडारकरांनी तीत सात व्याख्याने दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि तेथून मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, पंजाबी, बंगाली इत्यादी भाषा, असा तो विस्तीर्ण पट होता. संस्कृतचा जाणता पंडित बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषांकडे अभ्यासविषय म्हणून पाहतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्या विवेचनाचा गाभा समजण्यासाठी आपण एक छोटी तुलना करू. संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’. संस्कृत ‘सप्त’, प्राकृत ‘सत्त’, मराठी ‘सात’. ‘कर्म’, ‘कम्म’, ‘काम’. प्रत्येक ठिकाणी निराळ्या व्यंजनांची जोडी आधी एकरूप होते. मग त्या जोडीतील एक व्यंजन गळते आणि मागचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. पंजाबीने मात्र ‘हत्थ’, ‘सत्त’, ‘कम्म’ ही मधली पायरी जवळजवळ तशीच राखली आहे. शब्दान्तीचा स्वर हाही असाच बोलका साक्षीदार. जुन्या मराठीत ‘हातु’ असे रूप होते. सिंधीत आजही ‘हथु’ आहे. शब्दातील आघात उपान्त्य स्वरावर पडला, की अन्त्य स्वर दुबळा होऊन गळतो, याकडे भांडारकरांनी विशेष लक्ष वेधले. हा बदल कोणी ठरवून केलेला नसतो. तरीही शेकडो शब्दांत तो एकाच वाटेने जातो.

आता ‘पाणी’कडे वळा. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि ‘पाणिअ’वरून ‘पाणी’ आले. म्हणजे आज जो ‘ण’ शुद्ध मानला जातो, तोच एके काळी बदललेला उच्चार होता. बोलीतील ‘न’ म्हणजे संस्कृतातील ‘न’ जपून ठेवलेला आहे, असे मात्र समजू नका. तो नंतरच्या ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम आहे. प्रमाणभाषा कोणती असावी हा सामाजिक संकेताचा प्रश्न आहे. परीक्षेत आपण ‘पाणी’च लिहाल, पण ‘पानी’ म्हणणाऱ्या आजीचे चुकते, असे भाषाविज्ञानाच्या आधारे म्हणता येणार नाही.

भांडारकरांच्या मांडणीला मर्यादाही आहेत. त्यांची साधने प्रामुख्याने लिखित होती आणि संस्कृत ते आधुनिक भाषा ही त्यांची साखळी आज वाटते तितकी सरळ नाही. एकाच काळी अनेक बोली शेजारी शेजारी नांदत असतात. तथापि पाणिनीच्या काळी संस्कृत ही बोलली जाणारी भाषा होती, हे त्यांनी आग्रहाने मांडले. ज्या भाषेला आपण ग्रंथात बंदिस्त समजतो, तिलाही एकदा जीभ आणि ओठ होते, असा त्याचा अर्थ.

पुढे ते पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. 1885 साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. 1893 मध्ये निवृत्त झाल्यावर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. प्रार्थना समाजातील त्यांचे कार्य आणि विधवा कन्येचा त्यांनी केलेला पुनर्विवाह यांचा विचार आपण समाजसुधारणेच्या घटकात करू.

विल्सन व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हायला 1914 साल उजाडले. तोवर 37 वर्षे लोटली होती. 6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या 80व्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिच्या स्वाधीन केला. 24 ऑगस्ट 1925 रोजी त्यांचे निधन झाले.