प्लेगची लस शोधणारे हाफकिन

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. ते शहर आता युक्रेन देशात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. आमची आजी सांगते, पूर्वी घरात उंदीर पडला की सगळा गाव रानात झोपड्या घालून राहायचा. उंदरावरूनच साथ आल्याचं कळायचं. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. त्यांनी तीन महिन्यांत लस बनवली. पण आधी टोचायची कुणाला? १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली! मला तर सुईची लई भीती वाटते. त्यांना ताप आला, पण ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी तयार झाले.

पुढे १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांचे काम गेले. खरी चूक गावात बाटली उघडताना झाली होती. ते मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. हे ऐकून मला गुरुजींसमोरच रडू आलं. १९३० साली ते स्वित्झर्लंडमध्ये वारले. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. दिवाळीत मामाकडे गेलो की मी ती बघणार आहे.